सगुणाबाईंची सही

१९ नोव्हेंबर १९३६, गुरुवार. जालना

काल मंडळाची सभा झाली. कन्याशाळा वाचवण्याची जबाबदारी माझी आहे, असे मला सर्वानुमते सांगण्यात आले. सर्वानुमते म्हणजे मी सोडून उरलेल्या चौघांच्या मते.

वरून कागद आला आहे. मार्चअखेरपर्यंत शाळेला स्वतःची, चार भिंती आणि छपराची जागा नसेल तर परवानगी रद्द. सध्या आमच्या एकोणीस मुली मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर बसतात. कीर्तन असले की सुट्टी. गेल्या आठवड्यात एका बकरीने तिसरीचे भूगोलाचे पुस्तक गोदावरीपर्यंत खाल्ले.

चिटणीस होऊन मला सहा महिने झाले. एवढ्या अवधीत मी नऊ श्रीमंतांकडे गेलो. तुपाच्या एका व्यापाऱ्यांनी तीन तास भजन ऐकवले आणि निघताना दत्ताची तसबीर दिली. दुसऱ्या एकांनी नातू झाल्यावर बघू म्हटले. त्यांच्या मुलाचे अजून लग्न व्हायचे आहे.

तेव्हा मी आता तंत्र बदलले आहे. मोठ्या दात्याकडे मागायचे नसते. त्याच्या मनात आपण बी टाकायचे आणि झाड त्याचे त्याला उगवू द्यायचे. या तंत्राचा पहिला प्रयोग स्टेशनपलीकडच्या जिनच्या मालकीणबाईंवर, सगुणाबाईंवर करायचा आहे. यजमान काकासाहेब दोन वर्षांपूर्वी गेले. कापसाचे ते जिन आणि मागची वखार त्यांनी पहिल्यापासून बायकोच्या नावावर घेतली होती. कारभार धाकटे दीर रामकिसन बघतात. बाई लिहिण्यावाचण्यात शून्य आहेत, म्हणजे तंत्राला फारसा विरोध होणार नाही.

मंडळातले पाशामियाँ म्हणाले, "मास्तरसाब, जाऊन बघा जरूर. पण बोला कमी." इथे निजाम सरकारचे कामकाज उर्दूत चालते, म्हणून पाशामियाँ कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज आणि दस्त उर्दूत लिहून देतात. त्यांची नात ताहेरा आमच्या दुसरीत आहे. माणूस भला आहे, पण वक्तृत्वाची त्यांना किंमत नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

बाईंकडे जाऊन आलो. चाळीस मिनिटांचे भाषण तयार होते, त्यातली पस्तीस मिनिटे झाली. वैदिक काळातल्या विदुषींपासून सुरुवात केली. बाई पाटावर बसून ऐकत होत्या आणि खिडकीतून फाटकात येणाऱ्या कापसाच्या गाड्यांकडे बघत होत्या. वय चाळिशीच्या आतले. उंच, सावळ्या. मी इंग्रज अमदानीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी विचारले, "किती पोरी हायेत?"

एकोणीस, मी म्हणालो.

"त्यातल्या कितीजणींना सही येते?"

सगळ्यांना येते, म्हणालो. सात वर्षांच्या ताहेरालासुद्धा.

एवढ्यात रामकिसन आत आले. अंगात रेशमी कोट, बोलणे मऊ. वहिनींना म्हणाले, तो कागद लिहून होतोय, एक अंगठा लागेल. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"इथून पुढं अंगठा लावणार न्हाई मी," त्या म्हणाल्या. "मास्तर मला सही शिकवून राह्यलेत. सही आली का मंग तुमचा कागद, आन् मंग त्यांचाबी."

मी शिकवतो असे काही म्हणालो नव्हतो. कागदाचेही म्हणालो नव्हतो. पण मी प्रसंगावधान राखून मान हलवली. रामकिसन हसले आणि म्हणाले, शिका की वहिनी, चार दिवसांचं काम हाय.

बी पडले. इतक्या लवकर पडेल असे मला वाटले नव्हते.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

रोज दुपारी चारची वेळ ठरली आहे. आज 'स' घेतला. बाईंचा हात जड आहे. 'स' काढायला घेतला की त्याचा 'र' होतो आणि पुढे त्याचे काय करायचे ते त्यांना कळत नाही.

घरी आल्यावर अक्काला सांगितले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण तुळजाबाई. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून आमचे घर तीच चालवते. माझी पत्नी वारली त्याला सात वर्षे झाली. अक्काने विचारले, बाई दिसायला कशी हाय? मी म्हणालो, दात्याच्या रूपाकडे चिटणिसाने बघायचे नसते. अक्का म्हणाली, बरं.

३० नोव्हेंबर, सोमवार

पाशामियाँचे डोळे बिघडले आहेत. सगुणाबाईंचे दीर त्यांच्याकडे काही दस्त लिहून घ्यायला आले होते, पण डोळे आले म्हणून त्यांनी काम परत पाठवले. मी म्हणालो, मला तर डोळे स्वच्छ दिसतात. तर म्हणाले, "काही कागद बघितले का दुखतात, मास्तरसाब." या वयात असे होतेच. मी गुलाबपाणी घालायला सांगितले.

त्यांचे रोजे चालू आहेत, तरी दुपारी ते लांब स्टेशनपलीकडे चालत गेले होते. कोणाकडे गेले होते ते विचारायचे राहिले. त्यांची विधवा मुलगी शकीला, म्हणजे ताहेराची आई, उद्यापासून सगुणाबाईंना जाळीचे विणकाम शिकवायला जाणार आहे. माझ्या तासाच्या आधी, तीनला. एका वेळी दोन विद्या घेऊ नयेत असे माझे मत आहे, पण दात्याला अडवायचे नसते.

८ डिसेंबर, मंगळवार

पंधरवडा झाला आणि आम्ही अजून 'स'वरच आहोत. बाईंची बुद्धी मंद आहे असे खेदाने म्हणावे लागते. गमतीची गोष्ट अशी की जिनमध्ये कोणत्या गाडीवाल्याने ओला कापूस आणला हे त्या खिडकीतून बघून सांगतात. म्हणजे नजर आहे, पण अक्षराला ती लागत नाही.

विणकामाचाही उजेडच दिसतो. आज शकीला निघत होती तेव्हा मी जाळी दाखव म्हणालो. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि जाळी काही दिसली नाही. पाटी मात्र ओल्या फडक्याने पुसलेली होती आणि तिच्यावर जागोजागी ठिपके राहिले होते. एक, दोन, कुठे तीन. बहुधा बाई रांगोळी काढत बसतात. मी सौम्य शब्दांत सांगितले की पाटी अक्षरांसाठी असते. बाई म्हणाल्या, "चुकलं, मास्तर. उद्या नीट पुसून ठेवीन."

नम्रता हा मात्र त्यांचा गुण आहे.

१६ डिसेंबर, बुधवार

पाशामियाँकडे ईदचा शीरखुर्मा. दोन वाट्या खाल्ल्या.

बाईंनी आज विचित्र प्रश्न केला. मुखत्यारनामा आणि बक्षीसपत्र यात फरक काय? मी म्हणालो, एकात दुसऱ्याला नुसता कारभार करायचा अधिकार मिळतो, दुसऱ्यात वस्तूच त्याची होऊन जाते. पण हा काही आपला विषय नव्हे. मग विषयावर येण्यासाठी 'मुखत्यार' या शब्दात 'त'ला 'य' कसा जोडतात ते समजावून सांगितले. बाईंनी फार लक्ष देऊन ऐकले. जोडाक्षरांची एवढी आवड असेल असे वाटले नव्हते. आधी 'स' यायला हवा.

२ जानेवारी १९३७, शनिवार

मंडळाची सभा. अध्यक्षांनी विचारले, सहा आठवड्यांत बाई कुठवर आल्या? मी म्हणालो, 'सगु'पर्यंत. ते म्हणाले, या गतीने 'णाबाई' होईपर्यंत मार्च उलटेल. दानपत्र लिहून अंगठा घ्या आणि मोकळे व्हा. मी त्यांना म्हणालो की अंगठ्याने मिळालेली शाळा ही शाळा नव्हे. वाक्य चांगले झाले. पाशामियाँ नुसते म्हणाले, "मास्तरसाबांना जल्दी करू नका. बराबर चाललंय."

येताना नवे उपरणे घेतले. संस्थेचा चिटणीस जुन्या उपरण्याने बाहेर पडला तर दात्यांचा विश्वास बसत नाही. अक्का म्हणाली, तू आठवड्यातून दोनदा दाढी करायचास, आताशा रोज करतोस. मी तिला तंत्र समजावून सांगितले.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन गेलो. माझ्या मनात विदुषींचा उरलेला भाग सांगायचे होते, पण ते झाले नाही.

बाईंनी तिळगूळ हातात घेतला आणि अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग आपणहून बोलल्या. काकासाहेब गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी घरातल्या पुरुषांनी त्यांच्यापुढे कागद ठेवले. अकरा कागद. त्यांनी अकरा वेळा अंगठा लावला. "सुतकात कुणीतरी भाकर दिली," म्हणाल्या. "खाताना बघितलं, अंगठा निळा. भाकरीलाबी निळं लागलं. त्या कागदांवर काय होतं, आजवर मला ठाऊक न्हाई. त्यानंतर गावाकडची पंधरा एकर दुसऱ्याच्या नावावर गेल्ती, ती मला पेरणीच्या टायमाला कळली."

अशा वेळी सांत्वनपर दोन शब्द बोलावेत असा नियम आहे. आम्ही दोघे तिळगूळ खात बसलो. जिनचा भोंगा झाला, मजूर सुटले, मग मी उठलो.

तंत्राच्या दृष्टीने आजचा दिवस फुकट गेला. तरी वाईट वाटत नाही, याचे आश्चर्य वाटते.

२७ जानेवारी, बुधवार

काल बाईंसाठी लिहिलेले मानपत्र चुकून त्यांच्याकडेच विसरलो. दान जाहीर होईल त्या दिवशी वाचण्यासाठी मी ते महिनाभर लिहीत होतो. आज परत घेतले, तर कोणीतरी त्यात पेन्सिल चालवली आहे. 'दानशूर'खाली रेघ आणि शेजारी प्रश्नचिन्ह. 'कुलभूषण'ला काही केलेले नाही. 'अबला' मात्र आडवे-उभे असे खोडले आहे की कागद फाटला.

हा त्यांच्या दिवाणजीचा आगाऊपणा असणार. बाईंना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "दिवाणजी लई चावट हायेत." नंतर दिवाणजी भेटले तर त्यांना या गोष्टीचा पत्ताच नव्हता. चेहरा अगदी निरागस ठेवतात.

११ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे घडले ते लिहू की नको असा प्रश्न होता. लिहितो.

मस्तगड भागात रामकिसन भेटले. मला हॉटेलात नेऊन बसवले, भजी मागवली. म्हणाले, मास्तर, तीन महिन्यांत वहिनीला एक अक्षर येत नाही, हे तुम्हालाही दिसते. उद्या तुम्हीच त्यांना सांगा की बाई, हे तुमच्याने होणार नाही, अंगठा लावलेला बरा. तुमचे त्या ऐकतील. मग माझा कागद होईल आणि आठ दिवसांत तुमच्या शाळेला देवळामागच्या जागेवर पत्र्याचे छप्पर आणि भिंती मी स्वतः घालून देतो. लेखी देतो.

म्हणजे शाळा वाचली. मार्चअखेर दीड महिन्यावर आहे. आणि ते सांगतात त्यात खोटे काय? बाईंना येत नाहीच. काल 'णा'चा काना त्यांनी आधी काढला आणि 'ण' नंतर. एका बाईच्या सहीपायी मी एकोणीस मुलींना देवळाच्या ओसरीतूनही बाहेर काढू का? मुली महत्त्वाच्या की 'स'?

मी विचार करून सांगतो म्हणालो. भजी खाल्ली, हेही लिहिले पाहिजे.

घरी येऊन अक्कापुढे दोन्ही बाजू मांडल्या. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "छप्पर घेशील रे भुजंगा. मंग चार वाजता कुठं जाशील?"

अक्काला व्यवहार कळत नाही. पण त्यानंतर माझे जेवणात लक्ष लागले नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

चारला गेलो. सांगायचे ठरवून गेलो होतो. बाईंनी पाटीवर 'सगुणाबाई' काढून ठेवले होते. पाच अक्षरांना वेलांट्या-उकार धरून बारा चुका होत्या, पण सगळी अक्षरे होती. "उद्या बरं येईल," म्हणाल्या. मी म्हणालो, येईल.

परत येताना रामकिसनांना निरोप ठेवला की त्यांचे काम माझ्याच्याने व्हायचे नाही. मार्च जवळ आला आहे आणि मी एक बांधलेले छप्पर घालवले. मंडळाला कळले तर चिटणीस दुसरा येईल, आणि ते बरोबरच असेल.

२० फेब्रुवारी, शनिवार

आज मी माझ्या आयुष्यातले सर्वांत लाजिरवाणे वाक्य चारचौघांत बोललो, आणि त्यानंतर असे काही घडले की ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

चारला गेलो तो बैठकीत माणसे. गावाकडून, अंतरवालीहून भाऊबंद आले होते, त्यांत मच्छिंद्रबाबा म्हणून घरातले सर्वांत वडील. पाशामियाँ दारात बसलेले, शकीला आतल्या उंबऱ्यावर. मध्ये रामकिसन, पुढ्यात स्टँपाचा कागद. ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, वहिनी, मास्तरांनी तीन महिने घेतले. हा साधा मुखत्यारनामा आहे. कापसाच्या गाठी विकायला मला दर वेळी तुमच्याकडे यावे लागते, ते वाचेल. सही करा नाहीतर अंगठा लावा, पण आज मोकळे करा. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "मास्तर, तुमी शिकलेले. साक्षीदार म्हणून तुमची सही आधी होऊ द्या."

कागद उर्दूत होता.

आता हे लिहिलेच पाहिजे. प्रकृतीमुळे मी सरकारी शाळेतली नोकरी सोडली, असे सर्वांना सांगत आलो आहे. माझी प्रकृती उत्तम होती. उर्दूच्या परीक्षेत मी तीन वेळा नापास झालो म्हणून मला घरी बसवले. हे अक्काशिवाय कोणाला ठाऊक नाही.

साक्षीदाराने कागद वाचायचा नसतोच, नुसती सही करायची असते, असे माझ्या मनात आले. लेखणी उघडली. हातही पुढे गेला. मग बाईंकडे पाहिले. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

मी लेखणी मिटली. "मला हे वाचता येत नाही," मी म्हणालो. "मला उर्दू येत नाही. जे वाचता येत नाही त्यावर मी सही करणार नाही."

भाऊबंद हसले. रामकिसन सर्वांत मोठ्याने हसले. म्हणाले, घ्या, मास्तरच अंगठाबहाद्दर निघाले.

"आणा इकडं," सगुणाबाई म्हणाल्या. "मी वाचते."

त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि बोट ठेवले ते उजव्या टोकाला. मला वाटले, नेहमीप्रमाणे चुकल्या. पण बोट डावीकडे सरकू लागले आणि बाई वाचू लागल्या. हळू, अडखळत, एकेक शब्द सोलून काढावा तशा. पहिल्या ओळीत स्वतःचे नाव, काकासाहेबांचे नाव, मुक्काम जालना. दुसऱ्या ओळीत जिन, वखार, चतुःसीमा. तिसऱ्या ओळीला थांबल्या.

"पाशामियाँ, 'हिबा' म्हणजे काय हो?"

"बक्षीस, बाई," पाशामियाँ दारातून म्हणाले. "देऊन टाकणं."

"आन् रजामंदी?"

"आपल्या खुशीनं."

बाईंनी कागद खाली ठेवला. "मच्छिंद्रबाबा, ह्यात गाठीचं नाव न्हाई. माझ्या खुशीनं जिन आन् वखार मी रामकिसन भावजींना बक्षीस देऊन राह्यले, असं लिवलंय. माझी खुशी मलाच ठाऊक नव्हती."

म्हाताऱ्यांनी कागद उचलून पाशामियाँपुढे धरला. पाशामियाँचे डोळे आज बरे होते. त्यांनी तिसरी ओळ मोठ्याने वाचली, अक्षर अन् अक्षर तेच. मच्छिंद्रबाबा रामकिसनांना एवढेच म्हणाले, "तू तर मला गाठी इकायच्या म्हणला व्हता." रामकिसनांनी काहीतरी लिहिणाऱ्याची चूक असे म्हटले. मग ते कोट सावरत उठले आणि पुढे कोणी त्यांना चहाला थांबवले नाही.

मी अजून विचार करतो आहे. बाईंना उर्दू कशी आली? शकीलाला विचारले तर ती तोंडाला पदर लावून आत पळाली. शेवटी मला एकच उलगडा सापडतो. 'स' आम्ही तीन महिने घेतला. पाया इतका पक्का झाला की कोणतीही लिपी त्याच्यावर आपोआप उभी राहिली. घाई केली असती तर हे झाले नसते. अध्यक्षांना हे समजावून सांगितले पाहिजे.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

रजिस्ट्री कचेरीत दानपत्र झाले. जिनमागची जुनी वखार, तिचे अंगण आणि विहिरीचा निम्मा वापर शाळेला. चार भिंती आणि छप्पर तर आहेच, वर फाटकही आहे. मी मनात धरलेल्या जागेपेक्षा तिप्पट मोठी.

बाईंनी दानपत्र आधी मराठीत आणि मग उर्दूत वाचले. कारकून दोनदा खोकला. मग सही केली. 'स' सरळ, 'गु'चा उकार डौलदार, 'णा'चा काना जागच्या जागी, एक खाडाखोड नाही. दोनच आठवड्यांपूर्वी पाटीवर बारा चुका करणाऱ्या हाताची ही सही आहे, यावर माझा विश्वास बसेना. कधी कधी दात्यावर प्रसंगाचाच परिणाम होतो.

अटी दोन आहेत, त्या बाईंनी स्वतः सांगून घातल्या. चौथी पास होणाऱ्या मुलीला मराठी आणि उर्दू दोन्हींतला दस्त वाचता आला पाहिजे, आणि तो शकीलाने शिकवायचा, पगारी. दुसरी अट चिटणिसाने वर्षाच्या आत उर्दू शिकावे अशी आहे. ती वाचताना कारकून हसला. मी हसलो नाही, पण हरकतही घेतली नाही.

दारावर बाईंच्या नावाचा संगमरवरी दगड बसवायचा प्रस्ताव मी मांडला. त्या म्हणाल्या, "आधी वाचणाऱ्या होऊ द्या, मास्तर. मंग दगड बसवा." मानपत्रही वाचायचे राहून गेले.

३ मार्च, बुधवार

चार वाजता सवयीने उपरणे घेऊन निघालो. स्टेशनपलीकडे पोचल्यावर लक्षात आले की आता धडा नाही. बाई वजनकाट्याजवळ उभ्या होत्या, हातात वही, एका गाडीवाल्याशी ओल्या कापसावरून बोलत होत्या. केसांवर रुई बसली होती. मला पाहून म्हणाल्या, "मास्तर, वखारीची दोन कौलं फुटलीत. बघून घ्या." मी बघितली. दोन नव्हे, तीन फुटली आहेत. उद्या परत जाऊन सांगावे लागेल.

३१ मार्च, बुधवार

तपासणीचे साहेब आले. वखारीत शिरल्याबरोबर त्यांना चार शिंका आल्या, कारण सरकी आणि रुई तीन वेळा झाडूनही फटींतून निघतेच. भिंती बघितल्या, छप्पर बघितले, विहीर बघितली. मग ताहेराला वाचायला सांगितले. तिने मराठीचा धडा वाचला, शकीलाने दिलेला उर्दूचाही वाचला. साहेबांनी तिला नाव विचारले आणि पाटीवर लिहायला लावले. तिने दोन्ही लिप्यांत लिहिले आणि यातली कोणती आवडते असे त्यांनाच विचारले.

परवानगी कायम. साहेब निघाले तेव्हा त्यांच्या काळ्या शेरवानीवर पाठभर रुई होती, पण ते सांगायचे धैर्य मंडळात कोणाला झाले नाही.

५ एप्रिल, सोमवार

नव्या जागेतले नवे रजिस्टर आणले. संध्याकाळी ओट्यावर बसून मुलींची नावे चढवत होतो. अक्का ज्वारी पाखडत होती. मध्येच तिने विचारले, शाळेला वयाची अट हाय का रे?

मी म्हणालो, नियम मीच लिहिले आहेत, खालची अट आहे, सहा वर्षे पूर्ण. वरची घालायची राहिली.

"मंग माझं घाल."

मी तिच्याकडे पाहिले. तिचे पाखडणे चालूच होते. बत्तीस वर्षे हिच्या हातचे जेवून मी शिकलो, मास्तर झालो, नऊ श्रीमंतांच्या दारांत स्त्रीशिक्षणावर बोललो, आणि हिला अक्षर येते की नाही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मग नियमाप्रमाणे विचारू लागलो. नाव, तुळजाबाई. मुक्काम, जालना. वय?

"तुझ्याहून तीन वर्सांनी मोठी. तुझं तुला ठाऊक असंल."

मला माझे नक्की ठाऊक नाही. अंदाजे लिहिले. आधी कोणत्या शाळेत होती, या रकान्यात 'घरी' असे लिहिले.

विसावे नाव तिचे. शाळा सकाळी साडेदहाला भरते आणि एकला सुटते. अक्का सूप भिंतीला टेकवून आत जाताना सांगून गेली की उद्यापासून चूल शाळा सुटल्यावर पेटेल. म्हणजे मला जेवण दोनला मिळणार.

ती म्हणाली, भूक लागली तर वखारीत ये, तवर 'स' बघ माझा.

मी जाणार आहे.